पडद्याची बायकांकडची बाजू

जामखेडात सिनेमाचं वेड कुणाला, असं त्या काळी कुणी विचारलं असतं, तर लोकांनी न बोलता आमच्या पिठाच्या गिरणीकडे बोट दाखवलं असतं. गिरणी माझ्या थोरल्या भावाची, गहिनीनाथदादाची. पुढे दळणाच्या डब्यांची रांग आणि डब्यांच्या पलीकडे पोत्यांवर बसलेलं हर्डीकर मंडळ. दिगंबर हर्डीकर म्हणजे रहस्यपट काढणारा दिग्दर्शक. नट-नट्यांचे भक्त गावोगाव असतात, पण पडद्यावर कधी तोंडही न दिसणाऱ्या माणसाचे भक्त फक्त आमच्या गिरणीत होते. गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणून सगळे ओरडून बोलत. गिरणी बंद झाली तरी ओरडूनच बोलत. 'गच्चीवर कोण?' या पिक्चरमध्ये खुनी पाठमोरा असताना त्याची चप्पल का दाखवली, यावर दादा आणि सोपान शिंपी एकदा इतके कडाडून भांडले, की दळणाला आलेल्या बायांना वाटलं भावकीत वाटण्या चालल्यात.

मंडळाची एक शपथ होती. हर्डीकरांच्या प्रत्येक पिक्चरच्या शेवटी पडद्यावर पाटी येई, 'रसिकहो, शेवट कुणाला सांगू नका.' ती पाटी बाकीच्यांनी वाचून सोडून दिली असेल, आमच्या लोकांनी खंडोबाची आण घेतली. शेवट फोडणारा मंडळातून बाद. दादा मंडळाचा प्रमुख, त्यामुळे त्याची शपथ इतरांपेक्षा दोन बोटं वरची.

मी विजयमाला, त्याची धाकटी बहीण. मॅट्रिक होऊन घरी बसले होते. एकाहत्तर साल. दादाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि मनकर्णावहिनी केडगावहून आमच्या घरात आली होती. केडगाव नगरला लागूनच, पण तिच्या बापाने तिला थिएटरची पायरी चढू दिली नव्हती. बैलगाडीतून जाताना तिने पोस्टरं तेवढी पाहिलेली. म्हणून दादा तिला पिक्चर सांगायचा. ती चुलीपुढे भाकरी थापायची आणि हा पाटावर बसून दाराचा करकर आवाज, पावलं, बाईची किंकाळी सगळं तोंडाने काढून दाखवायचा. शेवट आला की गप्प. "मग कोन हुतं वो?" वहिनी विचारायची. "शपथ हाय," दादा म्हणायचा. ती लटकी रुसायची, भाकरी करपायची, आणि तीच करपलेली भाकरी दादा चवीने खायचा. नवरा-बायकोचं इतकं गोड चाललेलं मी त्यानंतर फार कमी घरांत पाहिलं. खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

आता कारभारीशेठच्या तंबूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळीनंतर बाजारतळावर शेठचा सिनेमाचा तंबू लागायचा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. पडद्याच्या एका बाजूला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बाया-बाप्यांची सरमिसळ नको म्हणून ही व्यवस्था. खेळ सुरू व्हायच्या आधी शेठचा माणूस पडद्यावर पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र आरपार उमटायचं आणि आमच्या बाजूलाही स्वच्छ दिसायचं. फक्त उलटं. टांगा पुरुषांकडे उजवीकडे गेला, तर आमच्याकडे डावीकडे. नावं, पाट्या सगळ्या उलट्या, वाचता यायच्या नाहीत. आमच्याकडचे सगळे नट डाव्या हाताने जेवायचे आणि सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर असायचे. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. लहानपणापासून सिनेमा म्हणजे असाच असतो अशी आमची समजूत.

त्या हिवाळ्यात तंबूत हर्डीकरांचा 'सातवा पेला' लागला. दादा आणि सोपानने तो आधीच नगरला जाऊन पाहिला होता, दोनदा. मंडळातल्या बाकीच्यांनी पाहिला नव्हता. दादाने दोन आठवडे त्यांना नुसतं झुलवलं. "शेवटाला डोस्कं फुटंल तुमचं," एवढंच म्हणायचा. हौसेपोटी त्याने मंडळासाठी पुढची जागा धरून ठेवली.

पिक्चर असा होता. डोंगरावरचा बंगला. घरात नवी सून आणि तिची थोरली जाऊ. जाऊ म्हणजे मायेचा नुसता झरा. रोज सुनेला दुधाचा पेला येतो आणि पेला पिऊन ती दिवसेंदिवस खंगत जाते. दुधात विष कोण कालवतं? डॉक्टरवर संशय, माळ्यावर संशय. मध्यावर एक प्रसंग येतो. सून अंथरुणावर पडलेली. उशाशी दुधाचा पेला. उघड्या दारातून तिला लांब, व्हरांड्याच्या टोकाला, थोरली जाऊ हात जोडून उभी दिसते. डोळे मिटून देवाचं म्हणत असलेली. तेवढ्यात दाराआडून एक हात येतो आणि पेल्यात पूड टाकतो. म्हणजे हात जावेचा नाही, ती तर तिकडे लांब उभी. पुरुषांकडच्या प्रत्येक माणसाने तेव्हाच जावेला निर्दोष सोडून दिलं. शेवटी इन्स्पेक्टर दाखवतो, की व्हरांड्याच्या टोकाला आरशाचं कपाट होतं. सुनेला दिसलं ते जावेचं प्रतिबिंब. खरी जाऊ दाराआडच उभी होती. हात जोडून झाले आणि तिथूनच तिने पेल्याकडे हात घातला.

आता आमच्या बाजूला काय झालं ते ऐका. तो प्रसंग आला. जाऊ हात जोडून उभी राहिली. आणि माझ्या शेजारी बसलेली वहिनी एकदम ताठ झाली.

"अगं बया, हिचा पदर सुलटा!"

खरंच की! सबंध पिक्चरभर सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर, आणि या एका ठिकाणी जावेचा पदर डाव्या खांद्यावरून आलेला, आपला येतो तसा. उलट्या जगात ही एकटीच सुलटी कशी? पुढच्या क्षणी वहिनीच ओरडली, "आरशात हाय ती! दाराआड थोरलीच हाय!"

सगळ्या बायकांना एका झटक्यात पटलं. रोज फणी करताना आरसा बघणाऱ्या आम्ही, आम्हाला काय कुणी शिकवायला हवं? तिथून पुढे आमच्याकडे जो हलकल्लोळ झाला! जाऊ गोड हसत पेला पुढे करायची आणि बायका एका सुरात ओरडायच्या, "नको पिऊ गं बाई, थोरलीनं इख कालवलंय!" मुलं रडायला लागली. आक्काबाई सुईणीने तर पडद्याकडे पाहून जावेला अशा शिव्या घातल्या, की त्या इथे लिहिता येत नाहीत. त्या दिवशी मी जितकी घाबरले, ते आठवलं की आजही बरं वाटतं.

पण पडदा म्हणजे कापड. आमचा शब्द न् शब्द पलीकडे गेला. मंडळाच्या पिक्चरचा मध्यावरच चुथडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीत पंचायत बसली. बायकांना कळलंच कसं? हर्डीकरांचा शेवट मधेच ओळखणं माणसाच्या हातचं नाही. तेव्हा कुणीतरी फोडला. आणि ओरडली कोण, तर प्रमुखाची बायको. "गहिनीनाथ, घरात बोलला आसशील," मंडळातला रंभाजी म्हणाला. दादाचा चेहरा पडला. त्याने शेवट सांगितला नव्हता हे त्याला ठाऊक होतं. मग राहिलं काय? वहिनी महिन्यापूर्वी केडगावला माहेरपणाला जाऊन आली होती.

घरी येऊन त्याने तिला विचारलं, "केडगावात कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई वो. पदर सुलटा दिसला म्हनून वळखलं."

"पदराचा काय संबंद? तीनदा बघितलाय मी. पदर हुता तिथंच हुता."

"दादा, मी शेजारीच होते," मी मधे पडले. "कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला दिसलं."

"तू तिचीच री वडनार." आणि मग तो जे बोलला त्यात त्याची सगळी भक्ती आली. "हर्डीकरसायबांनी आरसा शेवटाला दाखवलाय. मदी कळंल आसं त्यांनी केलंच न्हाई. तुमाला मदीच कळलं म्हंजे काय, त्ये येडे?"

झालं. बायकोला खरं मानायचं तर देवाला कमी मानायला लागतं. दादाने देव ठेवला. मंडळाचं प्रमुखपद त्याने आपणहून सोडलं, आणि वहिनीशी बोलणंही. "तिला म्हनावं जेवायला वाढ," असं मला सांगायचा, आणि ती त्याच्यापुढे दोन हातांवर उभी असायची. पाटावर बसून पिक्चर सांगणं बंद. दाराचा करकर आवाज आता फक्त दारच काढायचं. वहिनीने एकदाच माझ्यापाशी तोंड उघडलं. म्हणाली, "माजं खोटं आसतं तर पाय धरले आसते. खऱ्याची माफी कशी मागू?" मला दादाचा असा राग यायचा, की त्याच्या ताटात मी मुद्दाम मीठ कमी वाढायचे.

पुढचं साल बहात्तरचं. त्या दुष्काळाबद्दल मी सांगायला नको. विहिरी आटल्या, गिरणीत जोंधळ्याऐवजी परदेशातून आलेली तांबडी मिलो दळायला येऊ लागली आणि निम्मं गाव खडी फोडायला जायला लागलं. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा. तरीही हिवाळ्यात कारभारीशेठ तंबू घेऊन आलाच. दिवसभर दगड फोडलेल्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी बसावंसं वाटतंच. नवा पिक्चर आणायला परवडेना म्हणून त्याने जुनाच आणला, 'सातवा पेला'.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं. दादाला आमच्या बाजूला बसवायचं.

वहिनी नको म्हणाली. "बायकांत कसं बसतील ते? आन बळंच बसवून काय उपेग?" मी आक्काबाईकडे गेले. आक्काबाईने अर्धं जामखेड आपल्या हातांनी जगात आणलेलं, दादासकट. तिला कोण नाही म्हणणार? ती तडक गिरणीत गेली आणि घरघरीच्या वरताण ओरडली, "गयन्या, वरीसभर बायकूचं त्वांड बंद केलंयस. आता यकडाव तिच्या बाजूनं बघ. न्हाई दिसलं, तर मी सोता तिला केडगावला सोडून येते."

मंडळ हसलं. दादा हसला नाही. गिरणीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "बसतो."

पण तंबूत वेगळीच अडचण. शेठने हात वर केले. "बाई, औंदा पडद्यावर पानी मारत न्हाई. पेयाला न्हाई तर पडद्याला कुटलं?" खरंच होतं ते. कोरड्या पडद्यावर आमच्या बाजूला नुसत्या धुरकट सावल्या दिसत. पदर कुठला आणि खांदा कुठला! आदल्या दिवशी बायका तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून बोटं मोडत घरी आल्या होत्या. मी तर रडकुंडीला आले. आक्काबाई कमरेला हात लावून पडद्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बायका तंबूत येऊ लागल्या, तेव्हा प्रत्येकीच्या हातात पदराखाली झाकलेला तांब्या होता. घरच्या पाण्यातला. भीमाबाईच्या घरात तान्हं मूल होतं, तिने वाटीभर आणलं. छबूबाईने तांदूळ धुतलेलं पाणी आणलं होतं, "चालंल ना गं?" म्हणत. ते पाणी कशाला हवंय हे सगळ्या जणी जाणून होत्या, आणि एकीनेही ते बोलून दाखवलं नाही. वहिनी आली, तिने ते तांबे पाहिले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी राहिली. शेठचा माणूस शिडीवर चढला. खाली सांडलेलं पाणी मातीत जिरलं तेव्हा चटका बसला, खोटं कशाला सांगू. पण पडदा ओला झाला.

दादा आक्काबाईशेजारी मान खाली घालून बसला, नव्या नवरीसारखा. वहिनी दूर, कडेला. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आज कुणी चकार शब्द काढायचा नाही. त्याला त्याचं दिसू दे.

पिक्चर सुरू झाला आणि दादा अस्वस्थ झाला. पाठ असलेला पिक्चर त्याला ओळखू येईना. दार नको त्या बाजूला, जिना नको त्या बाजूला. "समदे डावरेच की," तो पुटपुटला. आक्काबाईने त्याला कोपर मारलं.

मग तो प्रसंग आला. व्हरांडा. टोकाला थोरली जाऊ हात जोडून उभी राहिली. पदर डाव्या खांद्यावर, सुलटा. तंबूत इतक्या बायका, पण तान्ह्या पोराचाही आवाज नाही. मी पडद्याकडे बघतच नव्हते, दादाकडे बघत होते. त्याचं तोंड उघडं पडलं. हात उचलून त्याने स्वतःच्या डाव्या खांद्याला लावला, मग उजव्या, मग परत डाव्या.

मला वाटलं, संपलं, कळलं याला. पण खरं पुढेच होतं. जाऊ हसत हसत पेला घेऊन आली. सुनेने तो हातात घेतला. पुरुषांच्या बाजूला हा प्रसंग अगदी साधा, आजारी पोरीला माया करणारी जाऊ. दादाने नगरला तो दोनदा पाहिला होता आणि शेवट माहीत असतानाही, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, त्या जागी बिडी पेटवली होती. सुनेने पेला ओठांना लावला. आणि आमच्या बाजूला, शंभर गप्प बायकांच्या मधून, एक पुरुषी आवाज फुटला.

"पिऊ नगं गं पोरी! थोरलीनं इख कालवलंय!"

पलीकडून मंडळ खवळलं. "कोन हाय रे त्यो? शेवट फोडतोय!" मग सोपानने आवाज ओळखला आणि सगळा तंबू हसला. दादा हसत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलंही नाही. पिक्चर संपेपर्यंत तो आमच्यासारखाच घाबरून बसून राहिला.

बाहेर आल्यावर वहिनी नेहमीसारखी दहा पावलं मागे चालायला लागली. दादा थांबला. ती जवळ येईपर्यंत उभा राहिला. वर्षात पहिल्यांदा तो सरळ तिच्याशी बोलला, "तांब्या दे हिकडं." रिकामाच तांब्या होता. तो त्याने घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून नेला.

गिरणीत दुसऱ्या दिवशी तो उभा राहून बोलला, ते मी दाराआडून ऐकलं. "गड्यांनो, सायबांनी यका पिक्चरमदी दोन पिक्चर काढलेत. आपल्याला दिलं कोडं. बायकांना दिलं भ्या. आन कोडं यकदा सुटलं की संपतं. भ्या संपत न्हाई." हर्डीकरांनी ते जाणून केलं होतं, की तंबूतल्या उलट्या पडद्याची त्यांना कल्पनाही नव्हती, कोण जाणे. मंडळाने मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं की जाणूनच. भक्तांचं असंच असतं. त्या हंगामात मंडळातला एकेक जण आक्काबाईच्या हातापाया पडून आमच्या बाजूला बसून गेला, येताना स्वतःच्या घरचा तांब्या घेऊन. पाटावर पुन्हा करकर आवाज सुरू झाले आणि भाकऱ्या करपायला लागल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दोन वर्षांनी, चौऱ्याहत्तरमध्ये, नगरच्या थिएटरात 'सातवा पेला' पुन्हा लागला, आणि दादा वहिनीला आणि मला एसटीने घेऊन गेला. वहिनी जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून, पडद्याच्या पुढून पिक्चर बघत होती. भिंतीवरचा पक्का पडदा, त्याला मागची बाजूच नाही. सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावर पाहून ती खुदकन हसली. "शाणे झाले गं समदे," म्हणाली.

मध्यावरचा प्रसंग आला. जाऊ हात जोडून उभी राहिली. वहिनी पुढे सरकून बघायला लागली. तिला ठाऊक होतं, काय बघायचं, कुठे बघायचं. मलाही ठाऊक होतं. पण चित्र आलं आणि गेलं, आणि आम्हा दोघींना काही म्हणजे काही जाणवलं नाही. पदर उजव्या खांद्यावर होता खरा, पण तंबूत सगळे पदर तसेच पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना तो खटकलाच नाही. देवाला हात जोडणारी एक बाई. इतकंच.

वहिनी मागे टेकली. मग अंधारात दादाकडे वळली.

"अहो, हितनं तर कायच कळत न्हाई."

"न्हाई कळत," दादा म्हणाला.

"मंग तुमचं तरी काय चुकलं? मी उगंच मनात धरलं हुतं, आजवर."

इतके दिवस तिने ते धरून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, तांब्या नेला त्याच दिवशी मिटलं. दादा पडद्याकडे बघत राहिला. समोर सुनेने पेला हातात घेतला होता.

"न दिसल्याली चूक न्हवं गं," तो म्हणाला. "तू सांगत हुतीस. तवा उठून तुज्याकडं यायला पायजे हुतं. वरीस लावलं मी."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, गप बसा, पिक्चर बघू द्या. वहिनीने खुर्चीच्या दांडीवरचा त्याचा हात आपल्या पदराखाली घेतला. मी तोंड फिरवून पिक्चर बघायला लागले.